होई आनला मुक्काम द्या : व्हिएतनामच्या सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून व्हिएतनामच्या सहली नेणाऱ्या पर्यटन संस्थांचे संचालक, सहली आखणारी मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

पुढच्या हंगामातल्या तुमच्या व्हिएतनाम सहलीत होई आन या जुन्या बंदरगावी किमान दोन रात्रींचा मुक्काम असावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र. एकेका संस्थेला वेगळं लिहिता आलं असतं. पण जवळपास सगळ्यांच्याच कार्यक्रमपत्रिकेत होई आनच्या वाट्याला एक संध्याकाळ येते, म्हणून सगळ्यांशी एकदमच बोलावं असं वाटलं. तुमच्याबरोबर जाऊ इच्छिणारे लोकही हे वाचतील तर बरंच होईल, कारण गिऱ्हाईक मागेल तसाच कार्यक्रम शेवटी आखला जातो.

मी आणि माझे पती होई आनला पहिल्यांदा गेलो ते अशाच एका मराठी ग्रूपबरोबर. संस्थेचं नाव घेत नाही. व्यवस्था चोख होती, टूर मॅनेजर मुलगा दिवसभर सगळ्यांसाठी धावत होता. त्या दिवसाचा क्रम तुमच्या ओळखीचा असेल. सकाळी दा नांगजवळचे मार्बल माउंटन, दुपारी पाणनारळीच्या बनात टोपलीच्या होड्या, पाचच्या सुमारास कोच होई आनच्या पार्किंगमध्ये. तिथून चालत जपानी पूल, एक जुनं घर, कंदील लावलेल्या होडीतून एक फेरी, तासभर खरेदी, भारतीय जेवण आणि परत दा नांग. त्या जुन्या घरात आम्हाला दहा मिनिटं मिळाली. भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा होत्या, प्रत्येक खुणेपुढे वर्ष लिहिलेलं. 1964 ची खूण डोक्यापेक्षा वर होती. एवढं पाणी आलं तेव्हा या माणसांनी काय केलं असेल, सामान कुठे नेलं, दिवस कसे काढले, हे विचारायचं मनात होतं. तोवर झेंडा वर झाला आणि ग्रूप पुढे सरकला. ते विचारायला आम्ही पुढे दोघंच गेलो, आणि मग जातच राहिलो.

होई आन मुळात बंदर. थू बोन नदी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे, काठाला वसलेलं. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत इथे चिनी, जपानी आणि पुढे युरोपीय व्यापारी उतरत. रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, साखर असा माल इथून जाई. मग नदीत गाळ साचत गेला, जहाजं मोठी झाली आणि व्यापार उठून दा नांगला गेला. होई आन मागे पडलं, आणि मागे पडलं म्हणूनच टिकलं. कोणी जुनी घरं पाडून मोठ्या इमारती बांधायला आलं नाही. लाकडी सांगाड्याच्या 1,107 इमारती तिथे आहेत, तेही साधारण 30 हेक्टरांत. 1999 साली युनेस्कोनं गावाला जागतिक वारसा म्हटलं. ही घरं वाचवण्यामागे एका पोलिश वास्तुतज्ज्ञाचा मोठा हात आहे. काझिमिएश क्वियात्कोव्स्की हे त्याचं नाव. गावातले लोक त्याला काझिक म्हणतात. ‘मी सन’ या जवळच्या ठिकाणच्या जुन्या देवळांवर काम करायला आलेला हा माणूस होई आनच्या प्रेमात पडला, हे गाव मोडू नका म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागला आणि 1997 साली व्हिएतनाममध्येच वारला. त्याचं स्मारक गावात आहे. ग्रूप त्याच्या शेजारून जातात, पण तिथे कोणी थांबलेलं आम्ही फारसं पाहिलं नाही. गाइडला सांगून दोन मिनिटं थांबवा.

वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिकामे राजवाडे येतात. इथे तसं नाही. या घरांत माणसं राहतात. पुढे दुकान, मागे चौक, चौकात विहीर किंवा कुंड्या, त्यामागे स्वयंपाकघर आणि अगदी मागचं दार नदीच्या रस्त्यावर उघडणारं. माल नदीकडून आत यायचा आणि पुढच्या दारानं विकला जायचा. छपरावर कौलं एक उताणं, एक उपडं अशी लावलेली, त्यांच्या सांध्यांत शेवाळ आणि गवत. दुकानाला दारं नसतात, खोबणीत सरकवायच्या लाकडी फळ्या असतात. सकाळी मालकीण एकेक फळी काढून भिंतीला टेकवते तो आवाज गल्लीभर ऐकू येतो. हा आवाज ऐकायला सहाच्या सुमारास तिथे असावं लागतं. तुमचा ग्रूप त्या वेळी 30 किलोमीटरवर दा नांगच्या हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत असतो.

सकाळच्या होई आनबद्दल थोडं सांगते, कारण तेच तुमच्या कार्यक्रमातून पूर्ण निसटतं. साडेपाचलाच उजाडतं. नदीकाठच्या बाजारात होड्यांतून मासळी उतरते. भाजीवाल्या कावडी खांद्यावर घेऊन येतात; त्रा क्वे गावच्या पुदिन्याचा, तुळशीच्या जातींचा, लहान पानांच्या कोथिंबिरीचा वास येतो. त्रा क्वे सायकलनं जेमतेम तीन किलोमीटर. तिथले शेतकरी पाणथळीतलं शेवाळ काढून वाफ्यांत खत म्हणून घालतात. 2024 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं या गावाला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. आपल्याकडचे शेती असलेले, बागकामाची आवड असलेले कितीतरी लोक सहलीला येतात. एखाद्या नाशिककर द्राक्षबागायतदाराला तिथल्या वाफ्याशी उभं करून बघा, तो तासभर हलणार नाही. आमच्याबरोबर एकदा आमचे एक नातेवाईक होते, शेतकरीच. भाषा एक शब्द येत नसताना त्यांनी तिथल्या आजोबांकडून वाफ्याची माती, पाण्याची झारी आणि खताचं प्रमाण हे सगळं खुणांनी समजून घेतलं. दोघंही उकिडवे बसले होते आणि दोघांच्याही हाताला चिखल होता.

सकाळी साडेआठनंतर पहिल्या कोच येतात. दुपारी ऊन. चारनंतर पुन्हा गर्दी, ती रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. त्यानंतर गाव परत राहणाऱ्यांचं होतं. लोक दारात खुर्च्या टाकून बसतात, पोरं सायकली फिरवतात. म्हणजे गर्दीच्या नेमक्या ऐन वेळी आपण ग्रूप तिथे उतरवतो आणि गाव शांत होताच उचलून नेतो. मग परतलेले लोक सांगतात, होई आन छान आहे पण फार गर्दी. ती गर्दी आपल्या वेळापत्रकानं वाढवलेली आहे.

आता पुराकडे येते. हे तुमच्या धंद्याच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मध्य व्हिएतनामचा पावसाळा आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तिथे फेब्रुवारी ते ऑगस्ट साधारण कोरडे, आणि खरा पाऊस सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत. त्यातही ऑक्टोबर आणि नोव्हेंबर पुराचे. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी याच दिवसांत येते, आणि दिवाळी स्पेशल व्हिएतनाम ही तर तुमची सर्वांत जास्त खपणारी सहल. 2025 साली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, त्या भागात अतोनात पाऊस झाला आणि होई आनचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. रस्त्यांवरून होड्या चालल्या. ज्यांचं बुकिंग त्या दिवसांत होतं त्यांचे हाल झाले असतील, तुमचीही धावपळ झाली असेल. पण हा अपवाद नाही. होई आनला पूर दर वर्षी येतो, कधी थोडा, कधी घरात शिरणारा.

घरांत त्याची तयारी असते, आणि हेच आम्हाला त्या पहिल्या दिवशी विचारायचं होतं. फुंग हुंग नावाच्या जुन्या घरात माळ्याच्या लाकडी जमिनीला एक चौकोनी झडप आहे, जाळीदार. पाणी वाढू लागलं की झडप उघडायची आणि खालचा माल दोरानं वर ओढून घ्यायचा. गावातल्या कितीतरी घरांत अशी सोय आहे. आम्ही उतरतो त्या घराच्या मालकीणबाईंना आम्ही ‘को’ म्हणतो, तिथे आत्या-मावशीच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात. त्यांनी एकदा आम्हाला क्रम सांगितला. आधी फ्रिज, मग शिवणयंत्र, मग तांदळाचे डबे, आणि त्या सगळ्याच्या आधी देव्हाऱ्यातले पूर्वजांचे फोटो. पूर ओसरायला लागला की पाणी घरात असतानाच झाडू घेऊन चिखल ढवळायचा, म्हणजे तो पाण्याबरोबर निघून जातो. पाणी गेल्यावर चिखल बसला तर फरशीवरून निघत नाही. हे त्या इतक्या सहज सांगत होत्या की आपण पापड कधी वाळत घालायचे ते सांगावं.

तेव्हा विनंती अशी, की दिवाळीच्या सहलीत मध्य व्हिएतनाम ठेवायचाच असेल तर लोकांना पावसाचं खरं चित्र आधी सांगा. कार्यक्रमात पर्यायी दिवस ठेवा, जुन्या गावात पाणी आलं तर काय करायचं ते लेखी द्या. आणि शक्य असेल तिथे होई आनचा कार्यक्रम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये न्या. बँकेतून, शाळेतून निवृत्त झालेले लोक तुमच्या ग्रूपमध्ये निम्म्याहून जास्त असतात. त्यांना दिवाळीच्या सुट्टीशी बांधलेलं काहीच नसतं. फेब्रुवारीत हवा सुरेख असते. फक्त व्हिएतनामी नववर्षाचा, तेतचा आठवडा टाळा. तेव्हा लोक आपापल्या घरी असतात आणि बरीच दुकानं बंद.

महिन्यातला एक दिवस मात्र आवर्जून साधावा. चांद्र महिन्याच्या चतुर्दशीला होई आनमध्ये जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि कंदिलांच्या उजेडात गाव राहतं. या रात्रीची जाहिरात सगळे करतात, पण गर्दी नदीकाठी होड्यांकडे असते. त्या संध्याकाळी आतल्या गल्ल्यांमध्ये प्रत्येक घरापुढे छोटं मेज मांडलेलं असतं. त्यावर फळं, फुलं, भाताच्या वाट्या, पाणी, उदबत्त्या. घरातलं वडीलधारं माणूस हात जोडून उभं राहतं, मग कागदी नोटा आणि कागदी कपडे एका पत्र्याच्या डब्यात जाळतात आणि शेवटी मूठभर मीठ-तांदूळ रस्त्यावर उधळतात. ज्यांचं करणारं मागे कोणी राहिलं नाही अशा मृतांसाठी ते असतं. सर्वपित्रीला घरात पानं वाढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या सासूबाई बरोबर होत्या. त्या काही न बोलता त्या मेजापासून दूर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. घरातल्या बाईंनी मान लववली. असा प्रसंग कार्यक्रमात छापता येत नाही हे मला कळतं, पण तो घडायला गावात रात्र तरी काढावी लागते.

याच दिवसांशी शाकाहाराचा प्रश्नही जोडलेला आहे, जो तुम्ही दर वेळी पुढे करता. आमचे लोक शाकाहारी आहेत, म्हणून भारतीय हॉटेल. पण व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतला कडक शाकाहार आहे. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अनेक घरं मांसमच्छी खात नाहीत, त्यामुळे शाकाहारी खानावळी बारा महिने चालतात. पाटीवर ‘चाय’ हा शब्द असला की तिथे मासळीच्या सॉसचा थेंबही नसतो. हे महत्त्वाचं, कारण तिथे बाकी सर्वत्र साध्या परतलेल्या भाजीतही मासळीचा सॉस असतो आणि वेटर ‘नो मीट’ म्हणून निर्धास्त हो म्हणतो. काव लाऊ हा होई आनचा खास पदार्थ, जाडसर, जरा राखाडी-पिवळट शेवया. या शेवयांचं पीठ लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजवतात आणि त्यासाठी पाणी गावातल्या एका जुन्या विहिरीचंच हवं अशी परंपरा आहे. मूळ पदार्थात डुकराचं मांस असतं, पण शाकाहारी खानावळीत तो टोफू आणि अळंबी घालून मिळतो, वर त्रा क्वेचा पाला. संध्याकाळी आलं घातलेल्या गुळचट पाकातला मऊ टोफू हातगाडीवर मिळतो, मक्याची खीर मिळते. जैन प्रवाशांसाठी वेगळी सोय लागेल, ती जरूर करा. इतरांना मात्र रोज रात्री पनीर बटर मसाला देऊ नका. तीन वेळांपैकी एक जेवण तरी स्थानिक शाकाहारी खानावळीत ठेवा, ते स्वस्तही पडतं.

आता मी सन. तुमच्यापैकी काहींच्या सहलीत ते असतं, बऱ्याच जणांच्या नसतं. होई आनपासून सुमारे 40 किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, चाम लोकांच्या जुन्या चंपा राज्यातल्या शिवमंदिरांचा समूह आहे. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मन यानं इथे भद्रेश्वराची स्थापना केली. लाकडी देऊळ जळाल्यावर सातव्या शतकात शंभुवर्मननं ते विटांत बांधलं आणि देवाचं नाव शंभुभद्रेश्वर झालं. पुढे तेराव्या शतकापर्यंत इथे देवळं बांधली जात होती. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत आहेत. ही थू बोन नदीच इथून खाली होई आनला येते. वाटेत त्रा किएउ इथे चंपाची राजधानी सिंहपूर होती आणि होई आनजवळ नदीच्या मुखाशी त्यांचं बंदर. म्हणजे डोंगरातलं देऊळ, मधली राजधानी आणि खालचं बंदर ही एकाच नदीवरची साखळी आहे, आणि होई आनमध्ये राहिलात तर ती एका दिवसात पाहता येते.

1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत इथलं सगळ्यांत मोठं मंदिर कोसळलं. बॉम्बचे खड्डे अजून दिसतात, त्यांत गवत वाढलेलं आहे. 2017 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकानं इथल्या ए, एच आणि के या गटांतल्या देवळांचं जतन केलं. 2020 साली काम चालू असताना नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. आपल्या सरकारी खात्यातल्या माणसांनी परक्या देशात उन्हातान्हात वीट वीट निरखून हे काम केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तुमचा गाइड हे सांगतोच असं नाही, म्हणून टूर मॅनेजरनं सांगावं.

त्याच वेळी एक काळजीही घ्यावी. मी सनला गेलं की आपल्यातले अनेक जण ‘हे सगळं आपलंच आहे’ म्हणू लागतात. लिंगावर पाणी घालायला दोरी ओलांडतात, जोत्यावर चढून घोषणा देतात. शिव आपला आहे हे खरं, पण ही देवळं चाम राजांनी बांधली, चाम गवंड्यांनी त्या विटा इतक्या घट्ट बसवल्या की सांध्याचा चुना कुठे दिसत नाही. चाम लोक आजही व्हिएतनाममध्ये आहेत, त्यांच्यातले काही आपल्या जुन्या देवळांत आजही पूजा करतात. आपण पाहुण्यासारखं जावं, पादत्राणं कुठे चालतात ते पाहावं आणि नमस्कार करून यावं. सूचना एवढीच, की मी सनला पहाटे निघा. दहानंतर खोऱ्यात ऊन असह्य होतं आणि ज्येष्ठांना त्रास होतो. दा नांगहून पहाटेचा प्रवास लांबतो. होई आनहून तो तासाभराचा आहे.

टोपलीच्या होड्यांबद्दल. या होड्या बांबूच्या विणलेल्या, वर डिंकासारखा झाडाचा चीक आणि पारंपरिक पद्धतीत शेणही लावून पाणीरोधक केलेल्या. कोळ्यांचं हे जुनं साधन. बे माउच्या पाणनारळीच्या बनात युद्धकाळात माणसं लपून राहिली, लढली. त्या बनात आज दुपारी मोठे स्पीकर लावून गाणी वाजतात, होड्या गरगर फिरवतात आणि आपले ग्रूप त्यावर नाचतात. फिरवणाऱ्या होडीवाल्याला बक्षिसी मिळते, त्याचा रोजगार आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सकाळी सातला तेच बन पाहिलं तर खंड्या, बगळे दिसतात, होडीवाल्या बाई जाळं कसं टाकतात ते दाखवतात आणि पानांचा टोळ करून हातात देतात. पैसे तेवढेच लागतात. ग्रूपला सकाळी न्या आणि स्पीकर नको म्हणून तिकीट काढतानाच सांगा. तुम्ही एकत्र मागणी केलीत तर तिथले लोक ऐकतील, कारण आज भारतीय पर्यटक त्यांच्यासाठी मोठा गट आहे.

तिकिटाचंही सांगायला हवं. जुन्या गावातली घरं, सभागृहं पाहायला परदेशी पाहुण्यांना 1,20,000 व्हिएतनामी डोंगांचं तिकीट आहे. ते पैसे जुन्या वास्तूंच्या डागडुजीला जातात. रस्त्यावरून फिरायला कोणी अडवत नाही म्हणून काही ग्रूप तिकीट काढतच नाहीत, बाहेरूनच फोटो होतात. सहलीच्या किमतीत ही रक्कम धरली तर कुणाला जाणवणारही नाही. लाकडाला वाळवी लागते, पुरानं भिंती फुगतात, कौलं दर काही वर्षांनी उतरवून पुन्हा शाकारावी लागतात. जपानी पूल आम्ही एकदा पाहिला तो साधा, रंग उडालेला. पुढच्या खेपेला तो एका मोठ्या शेडखाली होता, कामगार एकेक लाकूड उतरवून नंबर घालत होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा खुला झाला तेव्हा रंग फार उजळ झाला म्हणून तिथल्याच लोकांनी खूप टीका केली. आम्हालाही पहिल्या नजरेला तो नवाच वाटला. नंतर पाहिला तेव्हा एका पावसाळ्यानं रंग बराच बसला होता. पण ज्या गावात पुलाच्या रंगावरून चहाच्या टपरीवर भांडणं होतात, त्या गावात वारसा लोकांच्या हातात आहे, एवढं नक्की.

मुक्कामाला तुमचे आक्षेप असतील, ते मी काही संस्थांतल्या ओळखीच्या मंडळींकडून ऐकले आहेत. हॉटेल बदललं की सामानाचा व्याप वाढतो. खरं आहे, पण विमानतळ ते होई आन हे अंतर तासाभराचंच आहे. दा नांगच्या तीन रात्रींपैकी दोन होई आनला दिल्या तर एकच बदल होतो आणि संध्याकाळची कोचची जा-ये वाचते. चाळीस माणसांना एका ठिकाणी खोल्या मिळत नाहीत. जुन्या गावाच्या बाहेर मध्यम आकाराची हॉटेलं आहेत. लहान ग्रूप असेल तर शेजारशेजारच्या दोन-तीन घरगुती निवासांत विभागा. त्या घरांना त्याचा थेट पैसा मिळतो. घरातल्या माणसांना जुन्या गावात राहणं परवडावं यासाठी हाच पैसा कामी येतो. आज कितीतरी जुनी घरं भाड्यानं देऊन मालक बाहेर राहायला गेलेत आणि पुढच्या भागात बॅगा आणि कंदिलांची दुकानं आहेत. तिसरा आक्षेप, लोकांना कंटाळा येईल. याचं उत्तर माझ्याकडे एवढंच, की सायकली भाड्यानं द्या, ज्यांना चालवत नाही त्यांना सायकलरिक्षा द्या, आणि एक अख्खी दुपार कार्यक्रमाविना मोकळी सोडा. पलीकडच्या काम किम बेटावर सुतारांचं किम बोंग गाव आहे, थान हा इथे कुंभारांची चाकं आहेत, आन बांग इथे समुद्र आहे. शेजारच्या कुआ दाई किनाऱ्याची वाळू मात्र वाहून जात चालली आहे. नदीवरच्या धरणांमुळे वाळू खाली येत नाही, उपसाही होतो. आम्ही बसायचो ती जागा आता पाण्यात आहे.

भातशेतीतली एक समाधी दाखवायला विसरू नका. तानी याजिरोबेई नावाच्या जपानी व्यापाऱ्याची, 1647 सालची. जपाननं आपली माणसं परत बोलावली तेव्हा त्याला जावं लागणार होतं, पण होई आनमधल्या आपल्या प्रियेसाठी तो परतून आला, असं सांगतात. समाधी जपानच्या दिशेला, ईशान्येला तोंड करून आहे. चारही बाजूंना भात, बांधावरून चालत जायचं. चार-पाच माणसांहून जास्त एका वेळी बांधावर नेऊ नका, पीक तुडवलं जातं.

शेवटी कामाचं. जुलै 2025 पासून क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला आहे आणि होई आन आता स्वतंत्र शहर न राहता दा नांगच्या प्रशासनाखाली आलं आहे. कोच कुठे थांबवायच्या, जुन्या गावात वाहनांना कोणत्या वेळी बंदी, तिकिटं कशी काढायची, याचे नियम बदलत राहतात. तेव्हा मागच्या वर्षीच्या माहितीवर कार्यक्रम छापू नका, स्थानिक एजंटकडून नव्यानं खात्री करून घ्या. आम्ही उतरतो त्या भागातली निवासाची ठिकाणं, शाकाहारी खानावळी, सकाळी होडी चालवणाऱ्या बाईंचा गट, मी सनची पहाटेची वेळ असा दोन रात्री-तीन दिवसांचा कार्यक्रम आम्ही तपशिलानं लिहून ठेवला आहे, ज्येष्ठांना झेपेल असा. तुमच्यापैकी ज्यांना हवा असेल त्यांना तो विनामोबदला देऊ. फेब्रुवारीच्या सहलींची पत्रकं तुम्ही गणपतीच्या सुमारास छापायला घेता. त्याआधी एक तरी संस्था हा मुक्काम घालून पाहील, अशी आशा आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
होई आनला पुन्हा पुन्हा जाणारी एक प्रवासी